कॅज्युअल्टीत सात तास: नक्की अडतं कुठे?

हतनूरकर (रविवार, रात्री ११.४०)

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहायला बसलो. गुरुवारी आमचे काका केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले. वय ७२. खुब्यावरच पडले, उभंच राहता येईना. गाडीची मागची सीट पाडून आडवं केलं आणि जिल्ह्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही हेच झालं असतं असं सगळेच सांगतात.

तिथे सात तास काका स्ट्रेचरवर. बाहेर ४४ अंश, आत पंखा एका कोपऱ्यात. आमच्या नंतर आलेल्या तिघांना आधी आत घेतलं. एकाला तर साधा सापच चावला होता, व्यवस्थित बसून बोलत होता. मी विचारायला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "दादा, बसा, होतंय." काकू शेजारी बसून एकच म्हणायची, "आम्हले कोनी इचारस नही."

माझा सरळ प्रश्न आहे. डॉक्टर कमी आहेत, की आहेत ते काम करत नाहीत, की वशिल्याशिवाय काही हलत नाही? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी सांगा. शिव्या मी कालच देऊन झाल्यात.

वांग्याचं भरीत (रविवार, रात्री ११.५५)

काकांना आधी बरं वाटो. कारण सरळ आहे भाऊ. सर्दी, खोकला, अंगदुखीवाले संध्याकाळी कॅज्युअल्टीत येऊन बसतात. दिवसा ओपीडीला नंबर लावायला नको. यांना परत पाठवा किंवा केसपेपरला शंभर रुपये लावा, अर्धी गर्दी उद्या गायब.

कळण्याची भाकरी (सोमवार, सकाळी ६.३०)

"साधा सापच" म्हणे! हतनूरकर, या वाक्यासाठी तुम्हाला सासुरवाडीत एक रात्र गोठ्यात झोपवलं पाहिजे.

निवृत्त सिस्टर (सोमवार, सकाळी ७.१०)

भाकरी, चेष्टा बाजूला ठेवा, मी नीट सांगते. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बारा कॅज्युअल्टीत.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी. मण्यार चावलेला माणूस तुमच्यासमोर बसून चहा पितो. जखम दिसत नाही, दुखत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास जातो. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं. ते बघायला आम्ही कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त वाहिलं, तर प्रतिविष सुरू. या वीस मिनिटांवर मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर काही करत नाहीत, नळीकडे बघत बसलेत." एकाने रागात ती नळीच हलवून बघितली, मग पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं!

तर तो सापवाला तुमच्या काकांच्या आधी आत गेला हे बरोबरच झालं. कॅज्युअल्टीत नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही. लाल, पिवळा, हिरवा असं धोक्याप्रमाणे वाटप होतं, त्याला ट्रायाज म्हणतात. दुखणं कुणाचं जास्त हे त्यात बघत नाहीत, थांबवलं तर कोण मरेल हे बघतात. तुमचे काका पिवळ्यात असणार.

चूक आमची एवढीच की हे कुणी बाहेर येऊन सांगत नाही. दारावर पाटीसुद्धा नसते. माणसाला वाटतं वशिला लागला. कधी कधी लागतोही, खोटं कशाला बोलू? नगरसेवकाचा फोन आला की हिरवा पेशंट लाल होताना मी पाहिलाय. पण सात तास त्याने होत नाहीत.

जिनवाला मुनीम (सोमवार, सकाळी ९.०५)

हतनूरकर भाऊ, मी दवाखान्यातला नाही, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये चाळीस वर्षं हिशेब लिहितोय. पण रांगेचं आम्हाला कळतं. सीझनला आमच्या गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते. शेतकरी काट्यावरच्या पोराला शिव्या देतो: "हळू मोजतो." मालक ग्रेडरला शिव्या देतो. एकदा तर काट्यावर दुसरा माणूस बसवला. रांग तसूभर हलली नाही.

अडलेलं कुठे होतं सांगू? मागच्या दाराला. ट्रक आले नाहीत म्हणून गाठी उचलल्या गेल्या नव्हत्या. गाठींचं गोदाम भरलं म्हणून प्रेस थांबला, प्रेस थांबला म्हणून जिन थांबलं, आवारात कापसाच्या गंज्या लागल्या, खाली करायला जागा उरली नाही आणि ट्रॉल्या रस्त्यावर. काट्यावरचा पोरगा सुखाने बिडी ओढत होता, कारण मोजून ठेवायचं कुठे?

तुम्ही सात तास म्हणता ते एकगठ्ठा लिहू नका. कितीला पोचलात, केसपेपर कितीला, डॉक्टरांनी कितीला बघितलं, फोटो कितीला, बेड कितीला, असं खातं मांडा. मग कळेल कुठे तुंबलंय.

हतनूरकर (सोमवार, दुपारी १.२०)

मुनीमजी, फोनमधले मेसेज, कॉल आणि एक्स-रेवरची वेळ बघून लिहितोय.

दारात पोचलो ४.१०. केसपेपर ४.२५. पहिल्या डॉक्टरांनी तपासलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं ४.५०. एक्स-रे ५.४५. हाडांचे डॉक्टर आले, "खुब्याचं हाड मोडलंय, भरती करा" म्हणाले ६.३०. वॉर्डात बेड मिळाला ११.२०.

मांडल्यावर मीच चमकलो. डॉक्टर तर चाळीस मिनिटांत आले होते. मला आठवत होतं की कुणी बघितलंच नाही.

जिनवाला मुनीम (सोमवार, दुपारी १.४५)

सात तास दहा मिनिटांतले चार तास पन्नास मिनिटं फक्त बेडसाठी. गाठी उचलल्या नाहीत भाऊ.

एक रेसिडेंट (सोमवार, रात्री २.५०)

ड्युटी संपून जेवताना वाचतोय. मुनीमजींनी आमच्या विभागप्रमुखांपेक्षा चांगलं शिकवलं, पाया पडतो.

खान्देशातल्याच एका कॉलेजात शिकतोय, कुठल्या ते विचारू नका. रात्री नऊला कॅज्युअल्टीत येऊन बघा. समजा अठरा स्ट्रेचर आहेत. त्यातल्या अकरांवर असे पेशंट आहेत ज्यांचं आमच्याकडचं काम संपलंय. तपासलं, सलाईन लावली, भरतीचा कागद झाला. वर बेड नाही म्हणून ते खालीच आहेत. पण त्यांची नाडी, बीपी, औषधं, नातेवाईकांचे प्रश्न हे सगळं खालच्याच दोन सिस्टरना बघावं लागतं. म्हणजे नव्या पेशंटसाठी जागा उरतात सात आणि सिस्टर उरते अर्धी. जगभर याला बोर्डिंग म्हणतात आणि आपत्कालीन विभागांमधल्या गर्दीचं हेच सगळ्यात मोठं कारण धरतात.

आता आमच्या बाजूचे दोष. जुन्या पद्धतीची कॅज्युअल्टी म्हणजे पोस्टातलं छाननीचं टेबल. तिथला डॉक्टर बघतो आणि फोन करतो: हाडाचं असेल तर ऑर्थो, पोटाचं असेल तर सर्जरी, छातीचं असेल तर मेडिसिन. त्या त्या विभागाचा रेसिडेंट ऑपरेशनमध्ये किंवा वॉर्डात अडकलेला असतो. हतनूरकरांचा ४.५० ते ६.३० मधला बराच वेळ यातच गेला असेल. मेडिसिनवाला म्हणतो हे सर्जरीचं, सर्जरीवाला म्हणतो मेडिसिनचं, आणि पोट दुखणारी आजी दोघांच्या मध्ये पडून. इमर्जन्सी मेडिसिन हा वेगळा विषय म्हणून आपल्या देशात मान्य झाला २००९ साली. जिथे तो विभाग खरोखर उभा राहिला तिथे एकच डॉक्टर पहिल्यापासून निर्णय घेतो. जिथे नुसती पाटी बदलली तिथे फोन चालूच आहेत.

शिवाय अपघात, विषप्राशन, मारामारी असेल तर एमएलसीचं, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसचं, लिखाण. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट आले की एका हाताने विषावरचं अ‍ॅट्रोपिन आणि दुसऱ्या हाताने रजिस्टर. आणि रेफर! ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी देऊन पाठवतात, आधी फोन नाही. पेशंट दारात आल्यावर कळतं की याला व्हेंटिलेटर लागणार आणि आमचे सगळे लागलेत.

डॉक्टर बाहेर येऊन का बोलत नाहीत, असं सिस्टर म्हणाल्या. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात सरकारी रुग्णालयात काय झालं ते आठवा. डोक्याला मार लागलेला पेशंट, तिथे न्यूरोसर्जन नव्हता, दुसरीकडे न्या म्हटलं म्हणून जमावाने रेसिडेंटला मारलं, डोळा गेला त्याचा. त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१० पासूनच होता. "बेड नाही" हे दोन शब्द उच्चारायची आजही भीती वाटते. म्हणून "बसा, होतंय."

वांग्याचं भरीत (मंगळवार, सकाळी ८.००)

डॉक्टरसाहेब, सगळं मान्य, पण खोकलेवाले गर्दी करतात हे खोटं आहे का?

लीड्सची पाहुणी (मंगळवार, दुपारी २.१५)

भरीत भाऊ, मी मूळची पारोळ्याची, अकरा वर्षं इंग्लंडात आहे, एका रुग्णालयात आकडेवारीचं काम करते. तुम्ही म्हणता तेच इथल्या पेपरांत दर हिवाळ्यात येतं.

कॅनडात ओंटारियो प्रांतात हे मोजून बघितलंय, २००७ साली निष्कर्ष छापून आले. आठ तासांत किरकोळ तक्रारीचे दहा पेशंट जास्त आले, तर गंभीर आणि मध्यम पेशंटांचा तिथला मुक्काम सरासरी पाचेक मिनिटांनी वाढला. मिनिटांनी! कारण खोकलेवाला स्ट्रेचर अडवत नाही. तो खुर्चीत बसतो, गोळ्या घेतो, जातो. त्याला स्वतःला मात्र खूप थांबावं लागतं. वेटिंग हॉल भरलेला त्याच्यामुळे दिसतो, स्ट्रेचर दुसऱ्याच कारणाने भरलेले असतात.

आणि परदेशात सगळं छान असतं असं कुणी समजू नका. इथे २००४ पासून नियम होता की आलेल्यांपैकी ९८ टक्के लोक चार तासांच्या आत तपासून घरी किंवा वॉर्डात गेले पाहिजेत. २०१० मध्ये तो ९५ टक्क्यांवर आणला. तेवढंही संपूर्ण इंग्लंडमध्ये शेवटचं जमलं जुलै २०१५ मध्ये. माझ्या सासूबाई गेल्या जानेवारीत अकरा तास कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर होत्या. कारण तेच, वर बेड नाही. बेड का नाही? बरे झालेले म्हातारे घरी जाऊ शकत नाहीत, घरी बघायला कुणी नाही आणि सरकारी मदतनीस मिळायला आठवडे लागतात.

मुनीमजींच्या गोदामाचा आकडाही इथे काढलेला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९९ साली एक संगणकीय गणित छापून आलं: बेड सरासरी ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरलेले राहू लागले की धोका दिसू लागतो, ९० च्या पुढे नेहमीच कोंडी. पूर्ण भरलेला दवाखाना म्हणजे पैशाचा पुरेपूर वापर असं हिशेबनीसाला वाटतं. कॅज्युअल्टीसाठी ते बुच लावण्यासारखं आहे.

गिरणाकाठ (मंगळवार, रात्री ९.३०)

चाळीसगावहून. इंजिनिअर असल्याने राहवत नाही, थोडं गणित सहन करा.

जॉन लिटल नावाच्या माणसाने १९६१ साली एक नियम सिद्ध केला, पाचवीच्या पोरालाही समजेल असा. आत एका वेळी किती माणसं असतील? तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. समजा तासाला सहा पेशंट येतात. प्रत्येक जण दोन तास राहिला तर आत बारा. सात तास राहिला तर आत बेचाळीस. गेटवर येणारे तेवढेच, गर्दी साडेतीनपट. आपण मात्र म्हणतो "आज फार पब्लिक आलंय". आलेलं नसतं, साचलेलं असतं.

आणि भार ८० वरून ९० टक्क्यांवर गेला तर वाट बघणं थोडंसं वाढेल असं वाटतं, तसं होत नाही. एका खिडकीच्या साध्या गणितात ८० ला चार, ९० ला नऊ, ९५ ला एकोणीस अशी लांबी वाढते. दवाखाना एक खिडकी नाही हे मान्य, पण शेवटच्या दहा टक्क्यांत सगळं फुटतं ही गोष्ट तीच. हतनूर धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे पाणी वर चढल्यावर ठरवून चालतं का?

सातपुड्याची लेक (बुधवार, पहाटे ५.४५)

सगळं वाचलं. धडगाव तालुक्यात काम करते. राग मानू नका, पण तुमची सात तासांची गणती दवाखान्याच्या दारापासून सुरू होते, आमची पाड्यापासून.

जिथे रस्ता नाही तिथे बाळंतीण किंवा आजारी माणूस बांबूला झोळी बांधून डोंगरातून खाली येतो. पोरं त्याला बांबूलन्स म्हणतात. फोनला रेंज मिळेल अशा टेकाडावर कुणीतरी चढून १०८ लावतं. गाडी सडकेला येईपर्यंत झोळी तिथेच. नर्मदेकाठच्या गावांना बोट. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून रेफर नंदुरबार, कधी नंदुरबारहून पुढे धुळे, नाहीतर सुरत. २०२० ला नंदुरबारला मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा वाटलं होतं की ही शेवटची उडी वाचेल. थोडी वाचली, सगळी नाही. तुमच्या रांगेत काकांच्या आधी लाल म्हणून आत गेलेला माणूस सकाळपासून तीन दारं फिरून आलेला असू शकतो.

दुसरं, भाषा. पेशंट पावरी बोलतो, इंटर्न लातूरचा. "कधीपासून दुखतं" एवढं विचारायलाच पंधरा मिनिटं. मी बरोबर असते तेव्हा दुभाषी मीच. नसले तर वॉर्डातल्या कुण्या मावशीला शोधतात.

आणि सिकलसेल, रक्तातल्या तांबड्या पेशींचा जन्मजात आजार. हे मला लिहायचंच होतं. चौदा वर्षांचा मुलगा, हाडं कुरतडल्यासारखी दुखतात, पण बाहेरून काही दिसत नाही. ताप नाही, रक्त नाही, बीपी ठीक. म्हणून हिरव्यात टाकतात आणि पोरगा बाकावर तोंड दाबून रडतो. अशा पेशंटला दुखणं थांबवणारं औषध आल्यापासून तासाभरात मिळालं पाहिजे असं जाणकारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. १ जुलै २०२३ ला देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, कार्डं वाटली. आता मी पोरांना सांगते, कार्ड खिशात नको, हातात धर आणि पहिल्या माणसाच्या डोळ्यासमोर नाचव.

निवृत्त सिस्टर (बुधवार, सकाळी ७.३०)

लेकी, बरोबर बोललीस. दिसतं त्यालाच आम्ही मोठं समजत होतो. रक्ताने भरलेला शर्ट बघून धावायचो आणि घाम फुटलेला गप्प माणूस कोपऱ्यात हार्ट अटॅक घेऊन बसलेला असायचा.

माजी १०८ (बुधवार, सकाळी ११.००)

मी चार वर्षं १०८ वर डॉक्टर होतो. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, ही तिची खासियत. आता कुणी मोजत नाही अशी एक वाट बघणी सांगतो.

पेशंट घेऊन दारात पोचलो. आत स्ट्रेचर रिकामा नाही. तिथले वॉर्डबॉय मामा म्हणतात, "तुमचाच राहू द्या थोडा वेळ." गाडीचा स्ट्रेचर आत अडकला की गाडी निकामी, कारण त्याच्याशिवाय मी दुसरा कॉल घेऊ शकत नाही. एकदा दीड तास असा उभा होतो आणि माझ्याच भागातला अपघाताचा कॉल पलीकडच्या तालुक्यातल्या गाडीला गेला. महामार्ग ५३ वर लग्नसराईत काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. वरच्या मजल्यावर एक बेड रिकामा झाला नाही, त्याचा भुर्दंड चाळीस किलोमीटरवर रस्त्यात पडलेल्याने भरला. त्याला कधीच कळणार नाही.

कळण्याची भाकरी (बुधवार, दुपारी १२.१०)

मग उपाय काय? आणखी बेड आणायचे ना? सरकारकडे मागा.

एक रेसिडेंट (बुधवार, रात्री ११.३०)

बेड म्हणजे खाट नव्हे भाकरी भाऊ. खाट, तिच्यामागे सिस्टर, ऑक्सिजन, मावशी. नुसत्या खाटा उद्या शंभर येतील. बेड वाढले पाहिजेतच, पण आहेत ते कसे फिरतात तेही बघा.

सकाळी नऊ-दहाला राउंड. सर म्हणतात, "याला सोडा." मग डिस्चार्ज कार्ड कोण लिहिणार? इंटर्न. तो आत्ता रक्ताचे नमुने घेऊन लॅबला गेलाय. कार्ड तयार दोनला. मग औषधं, मग जनआरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्डाची झेरॉक्स राहिलेली. बेड खरा रिकामा होतो चार-पाचला, चादर बदलून सहाला. आणि खालची गर्दी? मे महिन्यात दुपारी कुणी बाहेर पडत नाही, ऊन उतरलं की पाचला दारं उघडतात. म्हणजे सगळ्यांना बेड लागतात तेव्हाच नेमके अजून रिकामे व्हायचे असतात. हीच सुट्टी सकाळी अकराच्या आत झाली तर एकही खाट न वाढवता संध्याकाळ सुसह्य होईल.

न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रुक इथल्या रुग्णालयाने वेगळंच केलं. खाली कोंडी झाली की भरती ठरलेले पेशंट प्रत्येक वॉर्डच्या व्हरांड्यात एक-एक वाटून टाकायचे. खाली अकरा जण ताटकळण्यापेक्षा अकरा वॉर्डांत एकेक.

निवृत्त सिस्टर (गुरुवार, सकाळी ६.५०)

व्हरांड्यात पेशंट मी आयुष्यभर बघितलेत, त्याला न्यूयॉर्क कशाला हवं. आपल्या वॉर्डात आधीच जमिनीवर गाद्या असतात बाळा. चाळीस पेशंटला एक सिस्टर आहे, तिला तू एक्केचाळिसावा देणार. तिथे चालत असेल, तिथे एका सिस्टरकडे चाळीस नसतात. मला हा उपाय मान्य नाही.

सुट्टीचं म्हणशील तर पटलं. पण त्यात आमचा दोष अर्धा, नातेवाइकांचा अर्धा. सकाळी सुट्टी सांगितली की म्हणतात, "संध्याकाळच्या एसटीने जातो." "मुलगा सुरतहून निघालाय, तोवर राहू द्या." शिरपूरकडची एक बाई सुट्टी झाल्यावर दीड दिवस बेडवर होती, घरी न्यायला कुणी येईचना. तिला बाहेर बाकावर बसवायचं का? मन होत नाही. बऱ्या झालेल्या माणसांना बसायला पंखा-पाण्याची वेगळी खोली पाहिजे. मी तीनदा लिहून दिलं होतं. त्या खोलीत सध्या मोडक्या खुर्च्या आहेत.

गिरणाकाठ (गुरुवार, सकाळी ९.१५)

एक वेगळी शंका. अपघातात खाजगी दवाखाने "आधी पोलिसांचा कागद आणा" म्हणून सरकारीकडे पिटाळतात, त्यानेही ही गर्दी वाढत असेल ना?

माजी १०८ (गुरुवार, सकाळी १०.०५)

वाढते. आणि ते चूक आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय: डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवायचे उपचार आधी, पोलिसी कागद नंतर. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना काढली: योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. तेव्हा पैशाच्या भीतीने सगळ्यांना एकाच दारात आणू नका. आणि थांबलेले असताना पेशंटमध्ये काही बदललं, श्वास वाढला, घाम फुटला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर "आमचा नंबर कधी" असं विचारू नका. "आधी असं नव्हतं, आता असं झालंय" असं सांगा. त्याने रंग बदलतो.

हतनूरकर (पुढच्या गुरुवारी, रात्री १०.२०)

उशिरा लिहितोय. काकांचं ऑपरेशन शनिवारीच ठरलं होतं, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या म्हणून सोमवारी झालं. चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले.

आज सुट्टी झाली. मी मुद्दाम वेळा लिहून ठेवल्या, मुनीमजींची सवय लागली. सर राउंडला सव्वानऊला आले, "घरी न्या" म्हणाले. डिस्चार्ज कार्ड साडेअकराला हातात. इतक्या लवकर मिळेल असं वाटलंच नव्हतं. मी शेजाऱ्याला फोन केला, त्याची गाडी केळीच्या कामावर रावेरला गेलेली. तो म्हणाला, चारपर्यंत येतो. दुसरी गाडी करता आली असती, बाराशे रुपये मागत होते. काकू म्हणाली, उन्हात कशाला, पंख्याखाली पडले आहेत, राहू दे.

गाडी आली ५.१०.

काकांना व्हीलचेअरवरून खाली आणलं तेव्हा कॅज्युअल्टीच्या दारात १०८ उभी होती, मागचं दार उघडं. आत स्ट्रेचरवर एक म्हातारी, पाय फळीला बांधलेला. बरोबरचा पोरगा मामांना विचारत होता, "नंबर कव्हय लागी?"

जिनवाला मुनीम (पुढच्या गुरुवारी, रात्री १०.३५)

साडेअकरा ते पाच-दहा. पाच तास चाळीस मिनिटं. लिहून ठेवतो.

निवृत्त सिस्टर (पुढच्या गुरुवारी, रात्री १०.५०)

ते असू द्या आता. काका कसं शेतस? खुब्याच्या ऑपरेशननंतर मांडी घालून बसू देऊ नका, आणि कमोडची खुर्ची आणली का?

हतनूरकर (पुढच्या गुरुवारी, रात्री ११.०५)

बरं शे सिस्टर. खुर्ची उद्या आणतो. भरीत-पुरी मागताहेत.

वांग्याचं भरीत (पुढच्या गुरुवारी, रात्री ११.०६)

हजर आहे.